हीनमूल्य विक्रय आणि त्याची भाषांतरे

१

इ. स. १८२७ साली सुरतेत एक इंग्रजी ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या संस्कृत निबंधाचा तो अनुवाद होता, आणि अनुवादक होता कंपनी सरकारच्या सेवेतील हॅरी बोराडेल हा अधिकारी. त्याच वर्षी एल्फिन्स्टन संहिता म्हणून ओळखली जाणारी रेग्युलेशने मुंबई इलाख्यात जारी झाली. त्यांपैकी चौथ्या रेग्युलेशनाने दिवाणी न्यायाधीशांना असा क्रम घालून दिला की, प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे पाहावेत; ते नसतील तेथे देशरिवाज; तोही नसेल तेथे प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा; आणि यांपैकी काहीच हाती लागले नाही, तर न्याय, समता व सद्विवेकबुद्धी. साहेब न्यायाधीशाला संस्कृत येत नव्हते. तेव्हा धर्मशास्त्र त्याच्यापुढे उभे राहावयाचे ते भाषांतराच्या रूपानेच. भाषांतरकाराने जो शब्द निवडला, तोच व्यवहारात कायदा ठरला.

या ग्रंथाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध ध्यानात घेण्याजोगा आहे. नीलकंठभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. त्यांचे पणजोबा रामेश्वरभट्ट काशीस गेले, आजोबा नारायणभट्टांनी तेथे अपार कीर्ती मिळविली, आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नीलकंठांनी बारा मयूखांचा ‘भगवंतभास्कर’ रचला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या प्रदेशांत व्यवहारमयूखाचे प्रामाण्य विशेष मानले गेले. बोराडेलनंतर रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० साली या ग्रंथाचा नवा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला; आणि विसाव्या शतकात महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ साली मूळ संहिता सटीप संपादिली व १९३३ साली पटवर्धनांच्या सहकार्याने तिचा अनुवादही दिला. एकाच ग्रंथाचे अवघ्या शतकभरात इतके अनुवाद का व्हावेत? शब्द बदलला की हक्क बदलतो, हे या विद्वानांना पुरते ठाऊक होते, हेच त्याचे कारण असावे.

प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न एकाच मुद्द्यापुरता तपासणार आहो. अडचणीत सापडलेल्या मनुष्याने हजाराची वस्तू शंभराला विकली, तर कायदा त्या विक्रीला काय म्हणतो? आणि एका भाषेतील कायद्याने जे म्हटले, ते दुसऱ्या भाषेत जाताना टिकते काय? सुरतेसारख्या बंदरात धर्मशास्त्र, मुसलमानी फिकह, दमणवाटे आलेला आयबेरियन कायदा आणि इंग्रजी कायदा हे चारही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नांदले. म्हणून या तपासणीस हे ठिकाण सोयीचे आहे.

२

आपल्या स्मृतिकारांनी अठरा व्यवहारपदांत ‘क्रयविक्रयानुशय’ हे एक पद गणले आहे. अनुशय म्हणजे मागाहून होणारी हळहळ, पश्चात्ताप. खरेदी किंवा विक्री केल्यावर ज्याला पश्चात्ताप होईल, त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी अथवा घ्यावी, असे मनूने सांगितले. नारदाने हिशेब अधिक बारकाईने मांडला. त्याच दिवशी वस्तू जशीच्या तशी परत केली तर पूर्ण किंमत मिळावी. दुसऱ्या दिवशी केली तर किमतीचा तिसावा भाग सोडावा लागावा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. आणि त्यानंतर वस्तू घेणाऱ्याचीच राहावी. याज्ञवल्क्याने बियाणे, लोखंड, वाहणारी जनावरे, रत्ने, दुभती जनावरे अशा वस्तुपरत्वे परीक्षेच्या निरनिराळ्या मुदती दिल्या.

इंग्रजी अनुवादांत या पदाला ‘रिसिशन’ हा शब्द रूढ झाला. जॉर्ज ब्यूलरच्या १८८६ च्या मनुस्मृतीच्या भाषांतरात तोच आहे. या शब्दाचे लॅटिन मूळ ‘कापून टाकणे’ या अर्थाचे. म्हणजे संस्कृत शब्द माणसाच्या मनाची अवस्था सांगतो, तर इंग्रजी शब्द करारावर होणारी क्रिया सांगतो. भाषांतर चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. न्यायाधीशाला काय करावयाचे ते त्यातून नेमके कळते. पण ते का करावयाचे, हा मूळ शब्दातील अर्धा भाग वाटेतच गळून पडतो.

तथापि अनुशयाचे मोजमाप दिवसांचे आहे, किमतीचे नव्हे. किमतीचा उल्लेख येतो तो बृहस्पतीच्या एका वचनात. बृहस्पतिस्मृती समग्र उपलब्ध नाही. निबंधकारांनी उद्धृत केलेल्या वचनांतून तिची पुनर्रचना करण्यात आली, आणि के. व्ही. रंगस्वामी अय्यंगार यांनी संपादिलेला तिचा पाठ १९४१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. त्या वचनाचा आशय असा: नशेत असलेल्याने, वेड्याने, भयापोटी, पराधीन असलेल्याने किंवा मूढाने विकलेले, आणि त्याचप्रमाणे हीनमूल्याने विकलेले, घेणाऱ्याने सोडून द्यावे; ते विकणाऱ्याचे पुन्हा व्हावे.

येथे ‘हीनमूल्य’ या शब्दाची जागा विचार करण्यासारखी आहे. पंक्तीतील बाकीची पदे विकणाऱ्याच्या अवस्थेविषयी आहेत: तो मत्त आहे, उन्मत्त आहे, भ्यालेला आहे, अस्वतंत्र आहे. ‘हीनमूल्य’ हे एकच पद वस्तूच्या किमतीविषयी आहे. ते त्या पंक्तीत स्वतंत्र कारण म्हणून बसते, की बिघडलेल्या मनाची खूण म्हणून? इतकी कमी किंमत शुद्धीवरचा मनुष्य घेणारच नाही, असा त्यामागे तर्क आहे काय? शिवाय ‘हीन’ म्हणजे किती हीन, हे बृहस्पती सांगत नाही. इंग्रजीत ‘कमी किमतीने’ असे लिहावे, तर प्रत्येक स्वस्त सौदा मोडता येईल. ‘अत्यंत कमी किमतीने’ असे लिहावे, तर भाषांतरकाराने ‘अत्यंत’ हा शब्द पदरचा घातला असे होईल. कोणतेही एक निवडले, तरी न्यायाधीशाचे अर्धे काम भाषांतरकाराने उरकलेले असते.

३

हेच कोडे पश्चिमेकडे फार जुने आहे, आणि तेथे त्याचे उत्तर आकड्याने देण्यात आले. इ. स. २८५ मध्ये सम्राट डायोक्लेशियन व मॅक्सिमियन यांच्या नावे दिलेले एक उत्तर जस्टिनियनच्या संहितेत नोंदलेले आहे. जमीन खऱ्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत विकली गेली असेल, तर विकणाऱ्याने पैसे परत करून जमीन घ्यावी, किंवा घेणाऱ्याला जमीन ठेवावयाची असेल तर त्याने उरलेली किंमत भरून द्यावी. आणि असे करणे हे माणुसकीचे आहे, असे कारणही तेथे दिले आहे. मध्ययुगीन पंडितांनी या तत्त्वाला ‘लेसिओ एनॉर्मिस’ असे नाव दिले. लेसिओ म्हणजे इजा, दुखापत. एनॉर्मिस म्हणजे ‘नॉर्मा’च्या बाहेर गेलेली, आणि नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. म्हणजे गुण्यात न बसणारी, प्रमाणाबाहेरची हानी.

स्पेनच्या दहाव्या आल्फोन्सो राजाच्या तेराव्या शतकातील ‘सिएते पार्तिदास’ या सप्तखंडी संहितेने हे तत्त्व पाचव्या खंडात स्वीकारले. पुढे स्पॅनिश कायदेपंडितांच्या लिखाणात दोन शब्द जोडीने चालले: एक ‘लेसिओन’, म्हणजे इजा, दुसरा ‘एंगान्यो’, म्हणजे फसवणूक. न्याय्य किमतीच्या निम्म्याहून अधिक ‘एंगान्यो’ झाला, अशी त्यांची रूढ वाक्यरचना. भाषांतरकाराची खरी कसोटी येथे लागते. कारण या रचनेत ‘फसवणूक’ म्हणजे कोणी कोणाला बुद्धिपुरस्सर फसविणे नव्हे. घेणारा मनुष्य अगदी प्रामाणिक असला, तरी किंमत निम्म्याखाली उतरली की सौद्यातच फसवणूक आहे, असा त्याचा अर्थ. हा शब्द इंग्रजीत ‘फ्रॉड’ म्हणून उतरविला, तर इंग्रजी न्यायाधीश तत्काळ विचारील: फसविण्याचा हेतू कोठे आहे? तो सिद्ध करा. मूळ कायद्यात विकणाऱ्याने फक्त किंमत सिद्ध करावयाची होती. भाषांतरात त्याच्यावर दुसऱ्याच्या मनातला हेतू सिद्ध करण्याचा बोजा येऊन पडतो. एका शब्दाने पुराव्याचा भार दुर्बळाच्या डोक्यावर ठेवला!

हा कायदा सुरतेपासून फार दूर नव्हता. दक्षिणेस दमण १५५९ पासून पोर्तुगीजांकडे होते, ते १९६१ च्या डिसेंबरपर्यंत. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते, आणि त्यांच्याच अमदानीत १६०३ साली ‘ऑर्देनासोंइश फिलिपीनाश’ ही पोर्तुगीज संहिता जारी झाली. तिच्या चौथ्या ग्रंथातील तेरावे प्रकरण न्याय्य किमतीच्या निम्म्याहून अधिक फसलेल्याने विक्री मोडण्यासंबंधीच आहे. म्हणजे सुरतेच्या बाजारात इंग्रज वखारवाले नुकते पाय रोवीत होते, त्या काळी दमण आणि गोव्याच्या न्यायालयांत हे रोमन तत्त्व पोर्तुगीज वेषात हजर होते. पुढे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने वारे फिरविले. तिच्या १५८२ व्या कलमाने असे ठरविले की, केवळ ‘लेझांव’ म्हणजे हानी झाली या सबबीवर विक्री मोडता येणार नाही. त्या हानीच्या पोटी संमती रद्द करण्याजोगी चूक असेल, तरच ती मोडेल. ही संहिता १८७० पासून गोवा, दमण व दीव येथे लागू झाली. हानीचा कायदा संमतीच्या कायद्यात विलीन झाला, तो असा.

स्पेनमध्येही तसेच घडले. १८८९ च्या स्पॅनिश नागरी संहितेने सर्वसाधारण विक्रीतून हानीचे कारण काढून टाकले व ते फक्त पालकाच्या ताब्यातील अज्ञानांसाठी आणि गैरहजर व्यक्तींसाठी, चतुर्थांशाहून अधिक नुकसान झाले असता, राखून ठेवले. उलट दक्षिण अमेरिकेत आंद्रेस बेयो या थोर पंडिताने रचलेल्या चिलीच्या १८५५ च्या संहितेत स्थावराच्या विक्रीपुरते जुने तत्त्व शाबूत राहिले. निम्म्याहून कमी किंमत मिळाली तर विकणाऱ्याला, आणि वस्तूच्या न्याय्य किमतीच्या दुपटीहून अधिक किंमत पडली तर घेणाऱ्यालाही, तेथे दाद मिळते.

या शब्दांचे इंग्रजी अवतार मनोरंजक आहेत. लुइझियाना हा प्रांत अमेरिकेने १८०३ साली घेतला, तेव्हा तेथे स्पॅनिश कायदा चालत होता; म्हणून १८२० साली मोरो-लिस्ले व कार्लटन यांनी पार्तिदासचा इंग्रजी अनुवाद केला. तेथील संहितेत मात्र फ्रेंच वळणाने ‘लीझन बियाँड मॉयटी’, म्हणजे अर्ध्यापलीकडील हानी, असा शब्दप्रयोग स्थिरावला. सामान्य इंग्रजी वाचकाला ‘लीझन’ म्हटले की डॉक्टरांची जखमच आठवते. स्कॉटलंडच्या कायद्यात ‘एनॉर्म लीझन’ असे म्हणत. तेथे ‘एनॉर्म’ म्हणजे अवाढव्य नव्हे, तर प्रमाणाबाहेरची, हे वकिलांनाच ठाऊक. फिलिपाइन्समध्ये तीन शतकांहून अधिक काळ स्पॅनिश कायदा चालल्यावर १९५० पासून अमलात आलेल्या इंग्रजी संहितेने ‘लीझन’ व ‘कारणाची अपुरी भरपाई’ असे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले, आणि फसवणूक, चूक किंवा गैरवाजवी दडपण नसेल तर यांपैकी कशानेही करार मोडणार नाही असे सांगितले. स्पॅनिश आणि इंग्रजी शब्द तेथे एका ओळीत बसले खरे. परंतु कायदा इंग्रजीच्या बाजूने झुकला.

४

सुरत हे मोगलांचे प्रमुख बंदर. तेथील काझीच्या न्यायासनापुढे हाच प्रश्न ‘गब्न-इ-फाहिश’ या नावाने येत असे. गब्न म्हणजे किमतीतील ठकवणूक. फाहिश म्हणजे उघडउघड, भडक. हनफी मताचा सारांश असा की, केवळ भडक गब्न पुरेसा नाही. त्याच्या जोडीला भुलवणूकही असली पाहिजे. मात्र पोरक्या मुलांची मालमत्ता, वक्फ आणि सरकारी खजिना यांच्या बाबतीत केवळ गब्नही पुरतो. तुर्की साम्राज्याच्या एकोणिसाव्या शतकातील ‘मजल्ला’ या संहितेने तर आकडेच दिले: जिन्नसांत विसावा भाग, जनावरांत दहावा, आणि स्थावरात पाचवा भाग फरक पडला की तो भडक समजावा. १८८९ ची स्पॅनिश संहिता व ही हनफी परंपरा यांची परस्परांशी गाठ पडली असण्याचे कारण नाही; तरीही दोघांनी जे संरक्षण राखले, ते स्वतःचे हित पाहू न शकणाऱ्यांसाठीच. हे साम्य विचार करायला लावणारे आहे.

शब्दाचा प्रवास पाहावा, तर ‘गब्न’चेच हिंदीत ‘गबन’ झाले, आणि त्याचा अर्थ झाला अफरातफर. किमतीतील ठकवणूक हा मूळ अर्थ व्यवहारातून पुसला गेला. ज्या कल्पनेला न्यायालयात जागा उरत नाही, तिचा शब्दही दुसरी चाकरी धरतो.

५

आता इंग्रजी कायद्याकडे वळू. भारतीय कराराचा कायदा १८७२ साली झाला. त्याच्या पंचविसाव्या कलमाखाली एक उदाहरण आहे: एक हजार रुपये किमतीचा घोडा दहा रुपयांस विकण्याचा करार ‘अ’ करतो, त्याची संमती मोकळेपणाने दिलेली आहे, तेव्हा मोबदला अपुरा असला, तरी हा करार होय. लगेच पुढचे उदाहरण असे की, संमती मोकळेपणाने दिली नव्हती असे ‘अ’ म्हणत असेल, तर मोबदल्याचा अपुरेपणा ही गोष्ट न्यायालयाने विचारात घ्यावी. येणेप्रमाणे किमतीचा अन्याय हे स्वतंत्र कारण राहिले नाही. तो संमतीच्या चौकशीतील एक पुरावा झाला. बृहस्पतीच्या पंक्तीत ‘हीनमूल्य’ हे मत्त आणि भीत यांच्या शेजारी मानाने बसले होते. १८७२ च्या कायद्यात ते त्यांच्यासाठी साक्ष देणारे झाले.

इंग्रजी भूमिकेलाही तिचे तर्कशास्त्र आहे, हे मान्य केले पाहिजे. न्याय्य किंमत कोणी ठरवावयाची? बाजारात किंमत रोज चढते-उतरते. प्रत्येक सौदा मागाहून मोडता आला, तर खरेदीखताला अर्थ तो काय उरला? सुरतेच्या व्यापारी पेठेला हे म्हणणे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. परंतु करार करणारे दोघेही पेढीवरचे शेठ असतात, असे गृहीत धरून केलेला कायदा कुणबी व सावकार यांच्यामध्ये उभा केला की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. ज्या कागदावर अंगठा उठला, तो कागद मोकळ्या संमतीचा पुरावा ठरत होता, आणि त्यामागचा हिशेब पाहण्याची न्यायालयास वाट नव्हती. चौकशी आयोगानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायालयांना रोख्याच्या आत डोकावून व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. कराराचा कायदा होऊन सातच वर्षे झाली होती, आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरते सरकारला कबूल करावे लागले की, सही म्हणजे संमती हे समीकरण सर्वत्र खरे नसते.

आजची स्थिती याहून काहीशी निराळी आहे. गुजरातेत आदिवासींच्या जमिनीची विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आली. पण एक विसंगती आमच्या मनाला टोचते. मुद्रांक शुल्कासाठी सरकारने जमिनींच्या किमतींचे तक्ते केलेले आहेत. महाराष्ट्रात त्यांना रेडी रेकनर म्हणतात, गुजरातेत जंत्री. २०११ पासून चालत आलेले जंत्रीचे दर १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झाले. खरेदीखतातील किंमत या तक्त्याहून कमी असेल, तर फरकावरचे शुल्क भरावे लागते. संमती मोकळी होती काय, असे तेथे कोणी विचारीत नाही. म्हणजे न्याय्य किंमत ठरविता येत नाही, हा जुना आक्षेप सरकारी महसुलापुरता तरी सुटलेला आहे. नुकसान खजिन्याचे झाले तर मोजमाप आकड्याने, आणि विकणाऱ्याचे झाले तर संमतीच्या चौकशीने! रोमन सम्राटांच्या उत्तरात निम्म्याचा आकडा विकणाऱ्यासाठी होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

६

राहिला मराठी परिभाषेचा प्रश्न. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, तेव्हापासून परभाषेतील राज्यकारभाराचे शब्द आपल्या भाषेत आणण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. व्यवहाराच्या मराठीत तर या विषयाचे शब्द विपुल आहेत. मातीमोल, कवडीमोल, पाण्याच्या भावाने, अडल्या हरीची विक्री. अशा शब्दांनी आमचा शेतकरी हे दुःख केव्हाच सांगून चुकला आहे. पण खरेदीखत, साठेखत, गहाणखत आणि मोबदला यांच्या कायदेशीर पंक्तीत त्यांपैकी एकही शब्द बसलेला नाही.

आमची सूचना अशी. लेसिओन या कल्पनेसाठी ‘जखम’ किंवा ‘इजा’ हे शब्द घेऊ नयेत. ते शरीराचे आहेत. ‘फसवणूक’ तर मुळीच घेऊ नये. तिने हेतूचा पुरावा मागितला जाईल. ‘मूल्यहानी’ हा शब्द घ्यावा. आणि निम्म्याच्या मर्यादेसाठी ‘अर्धाधिक मूल्यहानी’. अशा सौद्यास बृहस्पतीचाच ‘हीनमूल्य विक्रय’ हा शब्द चालावा. ‘अनुशय’ हा शब्द खरेदी-विक्रीनंतरच्या परत करण्याच्या मुदतीसाठी पुन्हा वापरात आणता येईल. आज ग्राहकाला माल परत करण्यास जी मुदत मिळते, तिला याहून चपखल जुना शब्द नाही.

सुरतेसारख्या शहरात मराठी शाळा चालविताना मुले मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषांत व्यवहार करताना आम्ही रोज पाहतो. उधना-लिंबायतच्या वस्त्यांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांनी खोली घेतली, गावची जमीन विकली, तर त्यांचा दस्तऐवज तिसऱ्याच कोणत्या तरी भाषेत लिहिलेला असतो, आणि त्यावर सही मात्र त्यांची असते. त्या कागदातील शब्द न्यायालयात कोणता भार कोणाच्या माथी टाकतील, हे त्यांना ठाऊक नसते. कोशकारांनी व शिक्षकांनी हे काम वकिलांवर सोपवून मोकळे होऊ नये. नागरिकशास्त्राच्या तासाला कराराच्या कायद्यातील घोड्याचे उदाहरण मुलांना सांगावे, आणि त्याच तासाला बृहस्पतीचे वचनही सांगावे. दोहोंतील कोणते न्याय्य, याचा निर्णय मुले घेतील. पण दोन शब्दांमागे दोन निरनिराळे न्याय उभे आहेत, एवढे तरी त्यांना शाळेत असतानाच कळले पाहिजे.